दहावी सही

मंगळवार, १५ एप्रिल

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची नोंद इतिहास घेणार नाही, म्हणून मी घेतो. डोरीनच्या चहाच्या दुकानातली खिडकीजवळची खुर्ची – अकरा वर्षं, रविवार सोडून रोज, साडेदहा ते साडेअकरा माझी – एका कॅमेऱ्याने बळकावली. माणसाने नव्हे. माणूस उभा होता. कॅमेरा बसला होता, आणि त्याच्याखाली माझी उशी! मला संडासाच्या दाराजवळचं टेबल मिळालं. तिथे चहाची चवसुद्धा वेगळी लागते.

"पोटनिवडणूक आहे रे बाबा," डोरीन म्हणाली. "लंडनची माणसं आहेत. सकाळपासून चौदा बेकन-पाव गेले. तू एका टोस्टवर तास काढतोस."

आमच्या खासदारांनी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला. तब्येत ठणठणीत आहे, कारण वेगळं आहे. पण त्यामुळे २२ मेपर्यंत थॉर्नहेवन म्हणजे देशाचा मध्यबिंदू! ज्या गावात कोबी खोक्यांत भरणं आणि समुद्राकडे पाठ करून बसणं एवढंच चालतं, तिथे आज तीन वाहिन्यांच्या गाड्या.

कॅमेऱ्याबरोबरच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही इथले सामान्य मतदार का?" मी सांगितलं, गेली बावीस वर्षं इथल्या साप्ताहिकात 'मिठाचा खडा' नावाचं सदर लिहितो. त्यांचा चेहरा पडला. त्यांना आणखी सामान्य माणूस हवा होता. तरी विचारलंच – "बाहेरून येणाऱ्या लोकांबद्दल तुमचं मत काय?"

"तुम्ही कधी आलात?"

"सकाळच्या गाडीने."

"त्रासही साधारण तेव्हाच सुरू झाला."

डोरीनच्या हातातली किटली डचमळली. वाहिनीवर अर्थात ते दाखवलं नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

सी-व्ह्यू हॉटेल. नावाप्रमाणे समुद्र दिसतो, कारण मागची भिंत पडली आहे. तिथे सरकार आश्रय मागायला आलेल्या चारशे लोकांना ठेवणार, अशी आवई. कोणी उठवली ते कळत नाही. सोमवारी चाळीस होते, बुधवारी दोनशे, आज चारशे. तिथे राहतात सध्या कबुतरं. त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

दोन्ही मोठे उमेदवार आज हॉटेलसमोर फोटो काढून गेले. 'आधी आपले' पक्षाचा रॉजर स्टॅनिफोर्थ, आपल्याकडचाच, टायरवाला – छाती पुढे काढून, जणू चारशे लोक एकटाच थोपवणार. आणि सत्ताधारी पक्षाची हॅरिएट लोम – लंडनहून पाठवलेली, वय एकतीस, पायात कोरे करकरीत गमबूट. ती म्हणाली, "लोकांच्या भावना मी समजू शकते." कोणत्या भावना ते सांगितलं नाही. समजते तर सगळ्याच समजत असणार.

उद्याच्या अंकासाठी नवीन चौकट सुरू केली: 'खोट्याचा तक्ता'. ज्याने जितकी खोटी विधानं केली तितक्या खुणा, शेजारी खरं काय ते. पहिल्याच आठवड्यात स्टॅनिफोर्थ सहा, लोम चार. हात शिवशिवताहेत. कित्येक वर्षांत असं वाटलं नव्हतं.

शनिवार, १९ एप्रिल

उभा राहतोय!

डोरीनच्या टेबलावर ठरलं. मी बोलता बोलता म्हणालो, सगळे बाहेरच्यांना परत पाठवा म्हणताहेत, पण कोणीच नेटाने म्हणत नाही. पाठवायचंच तर सगळ्यांना पाठवा. नॉर्मन आले १०६६ साली, कोणाला विचारून आले? त्यांना सकाळच्या बोटीने फ्रान्सला. सॅक्सन जर्मनीला. डेन डेन्मार्कला. बटाटा दक्षिण अमेरिकेला, चहा चीनला.

"चहा राहू दे," डोरीन म्हणाली. "बाकी उभा राहा तू. मी तुझी प्रतिनिधी. माझा नवरा गेल्यापासून मी कोणावर ओरडलेली नाही."

अनामत पाचशे पौंड. शेकड्याला पाच मतं पडली नाहीत तर बुडाली. या देशात विदूषकांनी निवडणुकीला उभं राहण्याची जुनी प्रथा आहे, फक्त त्यांतले काही निवडून येतात ही अडचण. घोषवाक्य जागच्या जागी सुचलं – "सगळे परत. अपवाद नाही."

मंगळवार, २२ एप्रिल

अर्जावर मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

बेकरीवाल्याने नकार दिला. दहा वर्षांपूर्वी मी त्याच्या मटण भरलेल्या पेस्ट्रीबद्दल लिहिलं होतं की आत मटणाची अफवा आहे. त्याने वाक्य पाठ म्हणून दाखवलं. दंतवैद्याने नकार दिला. पाद्रीबाबांनी हसत हसत दिला. फुलवाली म्हणाली, "तुम्ही माझ्या लग्नावर लिहिलं होतंत." मी म्हटलं, चांगलंच लिहिलं होतं. "हो. दोन्ही लग्नांवर."

"या गावात तुला वाचणारे हजार," डोरीन म्हणाली, "आणि सही देणारे सहा."

बुधवार, २३ एप्रिल

नऊ. नववी माझ्या मेव्हण्याची, त्याच्या गाडीवर पुन्हा कधी लिहिणार नाही या लेखी हमीवर. मुदत परवा दुपारी चारला संपते.

गुरुवार, २४ एप्रिल

दहावी मिळाली! एफुआ!

माझ्या घराला लागून तिचं घर, मधे एक भिंत आणि मागे कमरेएवढं कुंपण. घानाची. पॉम्फ्रेटच्या वृद्धाश्रमात काम करते, चार वर्षं झाली. तिची सही चालेल हे डोक्यातच आलं नव्हतं. पण राष्ट्रकुलातला माणूस इथे रीतसर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत आहे. कोबीच्या कारखान्यातल्या पोलिश बायका अठरा वर्षं इथे आहेत, त्यांना नाही. एफुआला आहे. आपणच एके काळी जगभर फिरून लोकांना 'तुम्ही आमचे' म्हणून सांगितलं, त्याची ही शेपटी. मतदारयादीत पाहिलं – आहे नाव!

संध्याकाळी सातला कुंपणापाशी. ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. झटक्यात सही केली. पेन माझं. हसलीसुद्धा. वर तिच्याकडची सुकट आणि मिरचीची ती काळी चटणी बाटलीभर दिली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत टोस्टला लावून खाल्ली.

दहा!

शुक्रवार, २५ एप्रिल

दुपारी तीन पंचवीसला अर्ज दाखल. टाऊन हॉलमधल्या निवडणूक अधिकारीणबाईंनी दहा नावं यादीशी ताडून पाहिली, एकेका नावावर पट्टी ठेवून. अख्खं आयुष्य मी असल्या पट्टीवाल्यांची थट्टा करत आलो. आज ती पट्टी दहाव्या नावावर आली तेव्हा श्वास रोखून उभा होतो. "ठीक आहे, मिस्टर पार्जिटर," त्या म्हणाल्या. "आता चारनंतर माघार नाही."

डोरीनने छातीवर रिबिनीचं फूल टोचलं. सगळ्या पक्षांचे सगळे रंग एकाच फुलात. लांबून बशीएवढी जखम झाल्यासारखं दिसतं.

शनिवार, २६ एप्रिल

उमेदवारांची यादी टाऊन हॉलच्या काचेत लागली. उमेदवार, आणि प्रत्येकाखाली दहा-दहा नावं. स्वतःचं नाव छापील पाहायची मला सवय आहे, तरी तीनदा जाऊन पाहिलं.

संध्याकाळी एफुआ कुंपणापाशी. "काका, तिथे माझं नाव लागलंय."

मी म्हटलं, "आता तू प्रसिद्ध."

ती दोरीवरचे कपडे न काढताच आत गेली. पाऊस येणार होता.

मंगळवार, २९ एप्रिल

पत्रकं छापून आली. दोन हजार. डोरीनचं दुकान म्हणजे आता युद्धकचेरी. खिडकीजवळची खुर्ची परत माझी, कारण आता कॅमेरा माझ्याकडे रोखलेला असतो! पहिल्या दिवशीच्याच बाई. मला 'स्थानिक रंग' म्हणाल्या. मी म्हटलं, रंग उडालेला आहे, पण स्थानिक खरा.

शनिवार, ३ मे

दारोदार. मरीन टेरेसची सगळी चौसष्ट घरं.

इथल्या दाराच्या पत्रपेट्यांबद्दल एक शब्द: आतून कडक कुंचले लावलेले असतात. पत्रक आत ढकललं की निम्मं परत येतं, बोटं सोलली जातात. पाच दारांमागे कुत्रे. पण लोक! लोक थांबवून बोलतात. पत्रक मोठ्याने वाचतात. "सगळे परत. अपवाद नाही." हसतात. बहुतेक हसतात.

क्रमांक ४१. म्हातारा, पायात गरम सपाता. पत्रक पूर्ण वाचलं, अगदी बटाट्यासकट. मग माझा हात धरला. "शेवटी एक जण तरी स्पष्ट बोलला."

"साहेब, यात तुम्हीही आलात."

"मी? मी इथलाच."

"नाव काय आपलं?"

"मोर्टिमर."

"नॉर्मन आहात. सकाळची बोट."

त्याने नीट विचार केला. म्हणाला, "हरकत नाही. पण आधी पलीकडच्या घरातल्यांना पाठवा. ते गेलेले बघून मग मी जातो." आणि खिडकीत माझं पत्रक लावलं.

घरी येताना पोट दुखेपर्यंत हसलो. मग जरा कमी हसलो. डोरीनला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या रस्त्यावर असे तिघे."

बुधवार, ७ मे

तक्ता: स्टॅनिफोर्थ एकोणीस, लोम अकरा. लोक अंक घेतल्यावर पहिलं ते पान उघडतात. संपादकांनी चक्क चहा पाजला. स्टॅनिफोर्थ बाजारात भेटला. "पार्जिटर, माझं एक खोटं तू दोनदा मोजलंयस." मी म्हटलं, तू दोनदा बोललास. त्यालाही हसू आलं. टायरवाला वाईट माणूस नाही, नुसता हवा भरलेला आहे.

डोरीनने विचारलं, "आणि तुझ्या खुणा कुठे तक्त्यात?"

"मी विनोदी उमेदवार. माझ्या धरत नाहीत."

शुक्रवार, ९ मे

कोणीतरी टाऊन हॉलच्या काचेतल्या यादीचा फोटो काढून इंटरनेटवर फिरवला. माझ्या दहा नावांतल्या शेवटच्या नावाभोवती लाल वर्तुळ. खाली – "ही कोण? हिला मत कसं?" त्याखाली तीनशे जणांचं म्हणणं. नऊ इंग्रज नावांबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही. मेव्हणा नाराज आहे.

पॉम्फ्रेटच्या वृद्धाश्रमाच्या फाटकावर स्टॅनिफोर्थचा फलक आहे. आश्रमात बावीस जणी कामाला, त्यातल्या एकोणीस परदेशातून पॉम्फ्रेटनेच आणलेल्या. बाहेर फलक, आत त्या. पुढच्या सदराला विषय मिळाला. टाचण करून ठेवलं.

एफुआ दोन दिवस दिसली नाही. दिवे लागलेले असतात.

रविवार, ११ मे

दिसली. तिच्या कागदपत्रांची भानगड आज प्रथमच नीट कळली – चार वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. ती या देशात आहे ती पॉम्फ्रेटच्या कागदावर. पाच वर्षं पुरी झाली की कायमचं राहता येतं, मग कागद कोणाचाच लागत नाही. तिची अकरा महिन्यांत होतील. त्याआधी नोकरी गेली तर कागद गेला, आणि दुसरा मालक शोधायला साठ दिवस. नाही सापडला तर विमान.

"पॉम्फ्रेटसाहेबांनी अजून काही म्हटलं नाही," ती म्हणाली. "फोटोत आश्रमाचं नाव नाही ना. त्यांना कळलंय की नाही कोण जाणे. काका, तुम्ही तेवढं परवाच्या सभेत माझं काही काढू नका."

मी म्हटलं, छे छे.

मंगळवार, १३ मे

जाहीर सभा! सेंट बोटॉल्फच्या सभागृहात तीनशे माणसं, चाळीस उभी. पाद्रीबाबा मधे बसलेले, हातात स्वयंपाकघरातलं, अंडी उकडताना लावायचं घड्याळ. प्रत्येकाला दोन मिनिटं, किर्र वाजलं की खाली बसायचं.

स्टॅनिफोर्थ म्हणाला, गाव भरलंय. लोम म्हणाली, प्रश्न गुंतागुंतीचा आहे. मी म्हटलं, गाव एवढं भरलंय की माझी खुर्चीसुद्धा कॅमेऱ्याने घेतली. पहिला हशा. मग बटाटा. मग मोर्टिमर, नाव न घेता. लोक डोळे पुसत होते. माझ्या अंगात वीज! बावीस वर्षं कागदाशी बोललो. कागद असा हसत नाही.

मग मागून एक जण उठला. "मिस्टर पार्जिटर, तुमच्या यादीतल्या त्या परदेशी बाईंना तुम्ही परत पाठवणार का?"

तीनशे चेहरे माझ्याकडे. वाक्य तयारच होतं. कुठून आलं ठाऊक नाही.

"जरूर पाठवणार. फक्त पॉम्फ्रेटसाहेबांच्या आश्रमातल्या एकतीस म्हाताऱ्यांची आंघोळ तेवढी तिला उरकू द्या. उद्यापासून ते काम स्टॅनिफोर्थसाहेब करतील. साबण मी देतो."

छप्पर उडायचं राहिलं. अर्धा मिनिट टाळ्या. पाद्रीबाबांनी घड्याळ उलटं ठेवून दिलं. स्टॅनिफोर्थ लालबुंद. तिसऱ्या रांगेत पॉम्फ्रेट बसला होता. तो हसत नव्हता, तेव्हा आणखीच मजा आली.

बाहेर पडताना एफुआ दाराशी दिसली. ड्यूटीवरून थेट आली होती, अंगावर आश्रमाचा निळा अंगरखा. म्हणजे ऐकलं होतं सगळं.

"चांगलं बोललात," ती म्हणाली. "सगळे हसले."

गुरुवार, १५ मे

एफुआची नोकरी गेली.

शुक्रवार, १६ मे

कालच्या एका ओळीपुढे लिहायला बसलो होतो. उठलो.

हकिगत अशी. परवा सकाळी पॉम्फ्रेटने तिला कचेरीत बोलावलं. नेमणुकीच्या करारात एक कलम आहे म्हणे – आश्रमाचं नाव राजकारणात ओढायचं नाही. तिने जाणूनबुजून जाहीर कागदावर सही केली, त्यातून भर सभेत आश्रमाचं हसं झालं. काल हातात पत्र. साठ दिवसांचं घड्याळ थोड्याच दिवसांत सुरू होईल.

मी लगेच गेलो पॉम्फ्रेटकडे. फाटकावरचा फलक ओलांडून. म्हटलं, सभेत नाव मी घेतलं, तिने नाही.

"ते खरं," तो म्हणाला. "पण यादीत नाव तिनेच दिलं. कोणी हात धरून लिहून घेतलं का? मोठी बाई आहे. सगळं समजून केलं असणार." वर म्हणाला, "तुमची साबणाची कल्पना चांगली होती. माझ्या आईलाही आवडली."

दारोदार जायला आज मन होत नव्हतं. गेलो. तीनदा फोटो काढून घ्यावे लागले. एका बाईने माझ्या पत्रकावर सही मागितली.

सोमवार, १९ मे

अंदाज आले. लोम आणि स्टॅनिफोर्थ खांद्याला खांदा. मी शेकडा सात! सात! डोरीनने दुकानात फुकट केक वाटला, आणि मग विचारलं, "त्या पोरीचं काय झालं?"

संध्याकाळी गेल आली. कामगार संघटनेची बाई. मोठी पिशवी, पायात धावायचे बूट. पॉम्फ्रेटच्या निर्णयावर अपील केलंय, सुनावणी २९ तारखेला, पॉम्फ्रेटच्या भागीदारापुढे. ती सरळ मुद्द्यावर आली.

"सगळं एका गोष्टीवर आहे. नाव जाहीर लागणार हे तिला माहीत होतं का? माहीत असेल तर पॉम्फ्रेट म्हणतो ते बरोबर ठरेल. माहीत नसेल तर कलम लागू होत नाही. ती म्हणते माहीत नव्हतं. पण ते तीच म्हणतेय, तिच्या शब्दाला तिथे कोण विचारतो. सही घेताना तुम्ही होतात. काय बोलणं झालं होतं?"

मी म्हटलं, घाईगर्दी होती. नीट आठवत नाही. आठवून सांगतो.

"आठवा," गेल म्हणाली. "खोट्याचा तक्ता तुमचाच ना? गावात तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात. म्हणून आले."

गुरुवार, २२ मे

मतदान. शाळेच्या दारात तिन्ही उमेदवारांची माणसं फुलं लावून बसलेली, आत जाणाऱ्याचा यादीतला क्रमांक विचारत, एकमेकांना बिस्किटं देत. माझ्यातर्फे डोरीन. लोमच्या माणसाला तिने स्वतःचं पांघरूण दिलं, स्टॅनिफोर्थच्या माणसाला चहा. मग दिवसभर दोघांवर ओरडली. ती सुखात होती.

मोर्टिमर आले, गरम सपात्यांतच. माझ्याकडे बघून मूठ उंचावली.

पावणेदहाला एफुआ आली. ओळीत उभी राहिली, पट्टीखाली नाव सापडलं, मत दिलं, गेली. माझ्याशी बोलली – "थंडी आहे." मी म्हटलं, हो.

शुक्रवार, २३ मे

मोजणी सकाळी नऊपासून, क्रीडा-संकुलात, बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडून. दोनदा फेरमोजणी. दुपारी तीनला स्टॅनिफोर्थ नखं खात होता, लोमचे ओठ पांढरे पडले होते, आणि मी – कबूल करतो – इतका आनंदात कधीच नव्हतो.

लोम ९,४१२. स्टॅनिफोर्थ ९,३७१. पार्जिटर १,८६६.

एकेचाळीस मतांनी! लोमच्या प्रतिनिधीने मला उचललंच. "तुमच्या विनोदाने त्याचं नाक कापलं. तुम्ही नसतात तर तो आला असता." वाहिन्यांनी तेच धरलं – विनोदाने द्वेषाला हरवलं, वगैरे. मी मान डोलावत राहिलो. मरीन टेरेसच्या खिडक्या मला आठवत होत्या. ती अठराशे सहासष्ट मतं विनोदाला पडलेली नाहीत. निदान निम्म्यांनी तरी बोट किती वाजता सुटते तेच वाचलं होतं.

स्टॅनिफोर्थने हात मिळवला. "माझी माणसं तू नेलीस," तो म्हणाला. "चेष्टा करून. आता त्यांना सांग तरी की चेष्टा होती."

शनिवार, २४ मे

लंडनहून फोन! मोठं दैनिक. 'खोट्याचा तक्ता' देशभराचा, दर शनिवारी, माझ्या नावाने, माझ्या फोटोसह. संपादकीणबाई म्हणाल्या, "सध्या लोकांना विश्वास ठेवायला एक माणूस हवा आहे." पगार दोनदा विचारून घेतला, ऐकण्यात चूक नव्हती. उत्तर मंगळवारपर्यंत.

डोरीनला सांगितलं. तिने मिठी मारली, मग खुर्चीवर पाटी लावते म्हणाली.

घरी आलो तर एफुआच्या दारात तीन खोकी. आवराआवर नाही म्हणाली, जास्तीचं सामान चर्चला देतेय. हिवाळी कोट वरच होता.

"तो ठेव," मी म्हटलं. "नोव्हेंबरात लागेल."

"काका, नोव्हेंबरात मी कुठे असेन ते कळलं की ठेवते."

सोमवार, २६ मे

गेलचा फोन दोनदा. उचलला नाही.

मंगळवार, २७ मे

२४ एप्रिलची नोंद खोटी आहे.

तिने झटक्यात सही केली नाही. कागद दोनदा वाचला. दोनदा विचारलं – "काका, हे नाव कुठे लागत नाही ना? आमच्या साहेबांना असलं चालत नाही." मी म्हटलं, "छे, ऑफिसच्या फायलीत पडून राहतं. कोण बघतंय." नावं टाऊन हॉलच्या काचेत लागतात हे मला ठाऊक होतं. त्याच सकाळी सूचनापत्रात वाचलं होतं. हसली ती नंतर, मी काहीतरी गमतीचं बोललो तेव्हा. काय बोललो ते खरंच आठवत नाही.

आज सकाळी गेलच्या कचेरीत जाऊन हे असंच्या असं लिहून दिलं. पाऊण पान. खाली नाव, पत्ता, सही. गेलने वाचलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे पेपरात जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. आमच्या संपादकांना एक प्रत मीच टाकून आलो. लंडनला कळवलं, जमणार नाही.

गुरुवारी दहाला सुनावणी. मी बाहेरच्या बाकावर असेन.